गुडिसन पार्क: एव्हर्टनच्या जुन्या घराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे 2025 मध्ये एव्हर्टन या इंग्लिश फुटबॉल क्लबचा पुरुष संघ गुडिसन पार्क सोडून गेला आणि तेव्हापासून या मैदानाबद्दल विचारणाऱ्यांची संख्या वाढली. आपल्याकडे इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्यांत लिव्हरपूलचे पाठीराखे भरपूर, एव्हर्टनचे मोजके. त्यामुळे ‘ते लिव्हरपूलच्या शेजारचे जुनाट स्टेडियम’ एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. इंग्लंडमधल्या वरच्या श्रेणीच्या फुटबॉलचे सर्वाधिक सामने ज्या मैदानाने पाहिले, त्याची ओळख एवढ्यावर थांबू नये, म्हणून ही प्रश्नोत्तरे.

गुडिसन पार्क नेमके आहे कुठे?

लिव्हरपूल शहराच्या उत्तर भागात, वॉल्टन नावाच्या वस्तीत. पश्चिमेला गुडिसन रोड, पूर्वेला बुलन्स रोड, उत्तरेला ग्लॅडिस स्ट्रीट आणि दक्षिणेला स्टॅनली पार्क या बागेकडचे टोक. बागेकडची बाजू सोडली तर बाकी तिन्हींकडे विटांची, एकमेकांना चिकटलेली घरे. दार उघडून रस्ता ओलांडला की स्टेडियमची भिंत, इतके जवळ. बागेच्या पलीकडे अ‍ॅनफिल्ड, म्हणजे लिव्हरपूल क्लबचे मैदान. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम किलोमीटरभर.

ही दाटी नीट लक्षात ठेवा. गुडिसनच्या इतिहासातल्या बहुतेक गोष्टी, चांगल्या आणि अडचणीच्याही, या दाटीतूनच निघाल्या आहेत.

एव्हर्टन आधी अ‍ॅनफिल्डवर खेळायचे, हे खरे का?

अगदी खरे. लिव्हरपूलच्या चाहत्यांना हे सांगितले की अजूनही काहींचा विश्वास बसत नाही.

1878 मध्ये सेंट डॉमिंगो या मेथडिस्ट चर्चच्या मंडळींनी संघ काढला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव एव्हर्टन झाले. सुरुवातीचे सामने स्टॅनली पार्कच्या मोकळ्या जागेत होत. 1884 मध्ये संघ अ‍ॅनफिल्डवर गेला. 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या बारा संस्थापक क्लबांत एव्हर्टन होता आणि 1890-91 चे विजेतेपदही त्याने अ‍ॅनफिल्डवर राहूनच मिळवले.

भांडण झाले ते जागेवरून. क्लबचे अध्यक्ष जॉन हौल्डिंग हे बिअरचे मोठे व्यावसायिक. मैदानाच्या व्यवहारात घरमालक तेच, क्लबचे प्रमुखही तेच आणि मैदानावर खाण्यापिण्याचे पदार्थ विकण्याचा हक्कही त्यांचाच. खेळाडू कपडे बदलायचे तेही त्यांच्याच सँडन हॉटेलात. क्लबला यश मिळत गेले तसे भाडेही चढत गेले: वर्षाला 100 पौंडांवरून ते 250 पौंडांवर पोचले. पुढे हौल्डिंग यांनी क्लबने जमीन विकत घ्यावी असा प्रस्ताव आणला, तो सभासदांना महागाचा आणि एकट्या हौल्डिंग यांच्या फायद्याचा वाटला. विरोधी गटाचे नेतृत्व जॉर्ज महॉन यांच्याकडे होते. ते पेशाने हिशेबनीस आणि सेंट डॉमिंगो चर्चमधले ऑर्गनवादक. 1892 मध्ये बहुसंख्य सभासद क्लबचे नाव घेऊन बाहेर पडले. हौल्डिंग यांच्याकडे रिकामे मैदान उरले, म्हणून त्यांनी त्यावर खेळायला नवा संघ उभा केला. तोच लिव्हरपूल फुटबॉल क्लब.

भाडेकरू आणि घरमालकाच्या वादातून एका शहरात दोन मोठे क्लब निर्माण झाले. महॉन यांनी त्या वेळी माघार घेतली असती तर मर्सीसाइड डर्बी, म्हणजे या दोन शेजारी क्लबांमधला सामना, नावाची गोष्टच नसती.

मग गुडिसनची जागा कशी मिळाली?

बागेच्या उत्तरेला ‘मियर ग्रीन’ नावाचे खाचखळग्यांचे पडीक रान होते. क्लबने ते 8,090 पौंडांना विकत घेतले. पैसे अपुरे पडत होते, तेव्हा क्लबचे एक संचालक डॉ. जेम्स बॅक्स्टर यांनी 1,000 पौंड बिनव्याजी दिले. भाड्याच्या जागेने पोळलेल्या लोकांनी या वेळी जमीन स्वतःच्या मालकीची केली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. इंग्लंडमधले बरेच क्लब तेव्हा क्रिकेटच्या किंवा इतर कुणाच्या मैदानावर पाहुण्यासारखे खेळत. केवळ फुटबॉलसाठी मुद्दाम बांधलेल्या जगातल्या पहिल्या काही मोठ्या स्टेडियमांत गुडिसनची गणना होते ती यामुळेच.

उद्घाटन 24 ऑगस्ट 1892 रोजी झाले. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचे लॉर्ड किनेर्ड आले होते, सुमारे 12,000 लोक जमले होते आणि त्या दिवशी फुटबॉल झालाच नाही! धावण्याच्या शर्यती झाल्या, बँड वाजला, शोभेची दारू उडाली. पहिला सामना सप्टेंबरच्या सुरुवातीला बोल्टनविरुद्ध मैत्रीपूर्ण झाला, तो एव्हर्टनने 4-2 असा जिंकला. लीगचा पहिला सामना 3 सप्टेंबरला नॉटिंगहॅम फॉरेस्टशी 2-2 बरोबरीत सुटला. 1894 मध्ये एफए कपचा अंतिम सामना इथे झाला, त्यात नॉट्स काउंटीने बोल्टनला 4-1 असे हरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लीगमधली पहिली मर्सीसाइड डर्बीही इथेच झाली. एव्हर्टनने लिव्हरपूलला 3-0 असे नमवले.

स्टेडियमला ते जुने, खास रूप कुणी दिले?

आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याने. विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत ब्रिटनमधल्या अनेक मोठ्या मैदानांवर त्याचा हात फिरला. 1902 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर त्यानेच आखलेला लाकडी स्टँड कोसळून 25 प्रेक्षक मेले होते. ती जखम घेऊन हा माणूस पुढची कामे करत राहिला.

गुडिसनवर त्याने गुडिसन रोडचा दुमजली स्टँड (1909), बुलन्स रोडचा (1926) आणि ग्लॅडिस स्ट्रीटचा (1938) असे स्टँड उभे केले. 1938 मध्ये शेवटचा पूर्ण झाला तेव्हा चारही बाजूंना दुमजली स्टँड असलेले हे ब्रिटनमधले पहिले मैदान ठरले. वरच्या मजल्याच्या कठड्यावर एकमेकांना छेदणाऱ्या तिरप्या लोखंडी पट्ट्यांची नक्षी ही लीचची खूण. बुलन्स रोड आणि ग्लॅडिस स्ट्रीटच्या स्टँडवर ती शेवटपर्यंत टिकली. मुळात त्या पट्ट्या भार पेलणाऱ्या सांगाड्याचा भाग, पण त्याने त्या झाकल्या नाहीत, उलट रंगवून पुढे मांडल्या. आजच्या कुठल्याही गुळगुळीत पत्र्याच्या दर्शनी भागापेक्षा ती रचना मला अधिक प्रामाणिक वाटते.

1940 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यांत ग्लॅडिस स्ट्रीटच्या बाजूचे नुकसान झाले. पुढे गुडिसन रोडचा स्टँड पाडून तिथे तीन मजली मेन स्टँड उभा राहिला. तो 1971 मध्ये पुरा झाला, तेव्हा ब्रिटनमध्ये त्याच्या तोडीचा मोठा स्टँड नव्हता. बागेकडचा पार्क एंड 1994 चा, एकमजली आणि बिनखांबाचा.

मैदानाच्या कोपऱ्यात चर्च आहे म्हणतात, ते काय?

ते सेंट ल्यूक्स चर्च. गुडिसन रोड आणि ग्लॅडिस स्ट्रीट जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ते दोन स्टँडांच्या मधे घुसलेले आहे. टीव्हीवर कोपऱ्यातून दिसणारे ते छप्पर याचेच. चर्चमुळे त्या कोपऱ्यात स्टँड कधी जोडता आला नाही. एके काळी लोक छपरावर चढून फुकट सामना पाहत. रविवारी सकाळची प्रार्थना असल्यामुळे सामना लवकर ठेवायचा की नाही, याचाही विचार क्लबला करावा लागे. क्लबला ती जागा हवी होती, पण चर्च हलले नाही, आणि शतकभर दोघे शेजारी नांदले.

‘सर्वात आधी गुडिसनवर’ असे म्हणतात त्या गोष्टी कोणत्या?

दोन गोष्टी सांगतो, कारण त्या आज प्रत्येक मैदानावर दिसतात.

पहिली, खेळाच्या रेषेलगतचा डगआउट, म्हणजे प्रशिक्षक आणि सहकाऱ्यांनी बसायची जागा. ती कल्पना मूळची स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनची. तिथला प्रशिक्षक डोनाल्ड कोलमन याने खेळाडूंच्या पायांच्या हालचाली जवळून पाहता याव्यात म्हणून ती बसवली होती. एव्हर्टनची मंडळी 1931 च्या सुमारास तिकडे सामना खेळायला गेली, ती पाहून आली आणि इंग्लंडमधला पहिला डगआउट गुडिसनवर बसला.

दुसरी, मैदानाखालची उष्णता. 1958 मध्ये गवताखाली सुमारे 20 मैल लांबीची विजेची तार अंथरली, म्हणजे हिवाळ्यात मैदान गोठून सामने रद्द होऊ नयेत. इंग्लंडमध्ये असे कुणी केले नव्हते. उपाय इतका लागू पडला की वितळलेल्या बर्फाचे पाणी वाहून न्यायला खालचे नाले पुरेनात. अखेर 1960 मध्ये मैदान पुन्हा खणून निचऱ्याची नवी व्यवस्था करावी लागली.

डिक्सी डीन आणि गुडिसन यांचे नाते एवढे मोठे का?

कारण इंग्लिश फुटबॉलमधला सर्वात अवघड विक्रम इथे पुरा झाला. 1927-28 च्या हंगामात एव्हर्टनचा आघाडीचा खेळाडू डीन याने लीगमध्ये 60 गोल केले. शेवटच्या सामन्याच्या दिवशी, 5 मे 1928 रोजी, आर्सेनलविरुद्ध त्याला तीन गोल हवे होते. दोन झाले. सामना संपायला थोडीच मिनिटे उरली असताना त्याने कॉर्नरवरून आलेला चेंडू डोक्याने जाळ्यात मारला. सामना 3-3 असा सुटला तरी एव्हर्टन विजेता होताच. जवळपास शंभर वर्षे झाली, त्या आकड्याच्या आसपासही वरच्या श्रेणीत कुणी फिरकलेले नाही.

1 मार्च 1980 रोजी डीन गुडिसनवरच लिव्हरपूलविरुद्धची डर्बी पाहायला आला होता. तिथेच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्याचे निधन झाले. 2001 मध्ये पार्क एंडच्या बाहेर त्याचा पुतळा उभारला गेला.

1920 च्या महिला सामन्याचा उल्लेख वारंवार का होतो?

या पानावरचा हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून थोडे सविस्तर.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत बायका कामाला लागल्या. त्यांनी जेवणाच्या सुटीत फुटबॉल खेळायला सुरुवात केली. प्रेस्टन शहरातल्या डिक, कर आणि कंपनी या कारखान्याचा ‘डिक, कर लेडीज’ हा त्यांतला सर्वात गाजलेला संघ. 26 डिसेंबर 1920 रोजी, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, हा संघ गुडिसनवर सेंट हेलेन्स लेडीजशी खेळला आणि 4-0 असा जिंकला. आत 53,000 प्रेक्षक होते. हजारो लोकांना जागा नसल्यामुळे दारावरून परत जावे लागले. युद्धातून जखमी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी 3,000 पौंडांहून अधिक निधी जमला.

यावर फुटबॉल असोसिएशनने काय करावे? वर्षभराच्या आत, 5 डिसेंबर 1921 रोजी, आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर महिलांचे सामने खेळवायला बंदी घातली. हा खेळ स्त्रियांना मानवणारा नाही आणि जमलेल्या निधीचा विनियोग नीट होत नाही, अशी कारणे दिली गेली. ही बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षे गेली. खेळायला मैदान नाही, पंच नाहीत, तिकिटाचा पैसा नाही. भरभराटीला आलेला खेळ अशा रीतीने मुळापासून छाटला गेला. महिला फुटबॉलला प्रेक्षक नसतात असे आजही कुणी सहज बोलून जाते, तेव्हा गुडिसनचा हा दिवस आठवावा. प्रेक्षक होते. दारे बंद करणारे दुसरेच होते.

इंग्लंडचा संघ इथे हरला होता का?

हो, आणि तो पराभव इतिहासात नोंदला गेला. 21 सप्टेंबर 1949 रोजी आयर्लंडने गुडिसनवर इंग्लंडला 2-0 असे हरवले. ब्रिटनमधले इतर तीन संघ सोडले तर इंग्लंडला त्याच्या भूमीवर हरवणारा हा पहिला देश. पुष्कळांना हा मान 1953 च्या हंगेरीचा वाटतो. आयर्लंडचा दुसरा गोल करणारा पीटर फॅरेल हा एव्हर्टनचाच खेळाडू होता, म्हणजे त्याच्या रोजच्या मैदानावर.

1966 च्या विश्वचषकात गुडिसनचा वाटा किती?

पाच सामने. एवढे लंडनमधले राष्ट्रीय मैदान वेम्बली वगळता इतर कुठल्याही मैदानाला मिळाले नाहीत.

ब्राझीलचे साखळीतले तिन्ही सामने इथे झाले. बल्गेरियाविरुद्ध पेले आणि गॅरिंचा या दोघांनी फ्री किकवर गोल केले. ब्राझीलसाठी दोघे एकत्र खेळलेला तो शेवटचा सामना, आणि ते दोघे एकत्र असताना ब्राझील कधीच हरला नाही. पुढच्या सामन्यात जखमी पेले नव्हता, हंगेरीने 3-1 असे हरवले. 1954 नंतर विश्वचषकात ब्राझीलचा तो पहिला पराभव. तिसऱ्या सामन्यात पोर्तुगालच्या बचावपटूंनी पेलेला लाथा मारून लंगडा केला. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणून तो तसाच मैदानात राहिला. ब्राझील 3-1 हरून घरी गेला.

उपांत्यपूर्व फेरीत उत्तर कोरियाने पहिल्या 25 मिनिटांत पोर्तुगालवर 3-0 अशी आघाडी घेतली. या संघाने आधी मिडल्सब्रोला इटलीला हरवले होते आणि तिथले बरेच लोक त्यांना पाठिंबा द्यायला लिव्हरपूलपर्यंत आले होते. मग युसेबिओ पेटला. त्याने एकट्याने चार गोल केले आणि पोर्तुगाल 5-3 असा जिंकला. विश्वचषकातला एखादा जुना सामना पूर्ण पाहायचा असेल तर हा पाहा.

उपांत्य सामना मात्र गुडिसनकरांच्या मनात सलत राहिला. इंग्लंडचा उपांत्य सामना इथे होईल अशी लोकांची अपेक्षा होती, पण तो वेम्बलीला ठेवला गेला आणि इथे पश्चिम जर्मनी विरुद्ध सोव्हिएत संघ (2-1) आला. पुष्कळ जागा रिकाम्या राहिल्या. तरीही विश्वचषकाचा उपांत्य सामना खेळवणारे इंग्लंडमधले एकमेव क्लब मैदान हा मान गुडिसनकडे आहे.

सर्वाधिक गर्दी कधी झाली?

18 सप्टेंबर 1948, लिव्हरपूलविरुद्ध, 78,299 प्रेक्षक, सामना 1-1. तेव्हा बहुतेक लोक उभे असत. पुढे सर्वांना बसायला खुर्च्या बंधनकारक झाल्या आणि क्षमता 40,000 च्या आत आली.

आणि सर्वात गाजलेली रात्र?

एव्हर्टनच्या कुणालाही विचारा, उत्तर एकच येईल: 24 एप्रिल 1985, युरोपियन कप विनर्स कपचा उपांत्य सामना, बायर्न म्युनिकविरुद्ध. हाफटाइमला बायर्न 1-0 पुढे. दुसऱ्या अर्धात एव्हर्टन ग्लॅडिस स्ट्रीटच्या दिशेने हल्ले करणार होता आणि तिथेच सगळ्यात कडवे पाठीराखे उभे. शार्प, ग्रे आणि स्टीव्हन यांनी एकेक गोल केला, सामना 3-1. पुढे रॉटरडॅममध्ये रॅपिड व्हिएन्नाला हरवून संघाने तो चषक जिंकला. प्रेक्षक रेषेच्या इतके जवळ नसते तर ती रात्र तशी झाली नसती, असे त्या दिवशी तिथे असलेले लोक सांगतात आणि मला ते पटते.

चाहत्यांच्या अस्थी इथे पुरल्या आहेत, हे खरे का?

खरे आहे. आपली राख गुडिसनच्या मातीत जावी अशी इच्छा अनेकांनी लिहून ठेवली आणि क्लबने ती पाळली. 800 हून अधिक चाहत्यांच्या अस्थी मैदानाच्या कडेने पुरलेल्या आहेत. जागा उरली नाही म्हणून 2004 पासून नव्या विनंत्या नाकाराव्या लागल्या. संघ जाणार म्हटल्यावर या कुटुंबांचे काय, हा प्रश्न म्हणूनच फार नाजूक होता.

इतके सगळे असताना क्लब गेला का?

कारण आधी सांगितलेली ती दाटी. एका बाजूला चर्च, तीन बाजूंना घरे, वाढायला वाव नाही. जुन्या स्टँडांतले खांब दृष्टीच्या आड येत, वरच्या बुलन्स रोडला लाकडी फळ्या आणि लाकडी खुर्च्या होत्या. तिकिटांची आणि पाहुणचाराची कमाई इतर मोठ्या क्लबांच्या मानाने तुटपुंजी. भावना बाजूला ठेवून पाहिले तर जाणे गरजेचे होते.

पण जायला पाव शतक लागले. शहराच्या मध्यावरची किंग्ज डॉकची योजना पैशांअभावी 2003 मध्ये कोसळली. शहराबाहेर कर्कबीला जायचा बेत 2009 मध्ये सरकारने फेटाळला. वॉल्टन हॉल पार्कचा विचारही सोडून द्यावा लागला. शेवटी मर्सी नदीच्या काठावर ब्रॅमली-मूर डॉक ही 1848 ची गोदी ठरली आणि 2021 मध्ये काम सुरू झाले. त्याच वर्षी युनेस्कोने लिव्हरपूलचा बंदर परिसर जागतिक वारशाच्या यादीतून काढला, त्यामागच्या कारणांत हे स्टेडियमही होते.

शेवटचा सामना कोणता?

पुरुष संघाचा शेवटचा सामना 18 मे 2025 रोजी साउदॅम्प्टनशी झाला. आपल्याकडे रविवारची दुपार होती, साडेचार वाजता सुरू झाला. एव्हर्टन 2-0 जिंकला, दोन्ही गोल सेनेगलच्या इलिमान न्दियायेचे. त्याआधी 12 फेब्रुवारीला शेवटची डर्बी झाली. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. जे जागे राहिले त्यांना 98 व्या मिनिटाला जेम्स टार्कोव्स्कीने मारलेला बरोबरीचा गोल पाहायला मिळाला. 2-2.

नवे स्टेडियम कसे आहे?

हिल डिकिन्सन स्टेडियम हे त्याचे नाव, क्षमता सुमारे 53,000. लीगचा पहिला सामना 24 ऑगस्ट 2025 रोजी ब्रायटनविरुद्ध झाला, म्हणजे गुडिसनच्या उद्घाटनाला त्याच दिवशी 133 वर्षे पुरी झाली. एव्हर्टन 2-0 जिंकला आणि पहिला गोल पुन्हा न्दियायेचाच. जुन्या घरातला पुरुष संघाचा शेवटचा आणि नव्या घरातला लीगचा पहिला गोल एकाच माणसाच्या नावावर.

मग गुडिसन पाडले का?

नाही. आधीचा बेत पाडण्याचाच होता: तिथे घरे, दवाखाना, वस्तीसाठी मोकळी जागा. मे 2025 मध्ये क्लबने निर्णय बदलला आणि गुडिसन पार्क एव्हर्टनच्या महिला संघाचे घर असेल असे जाहीर केले. 2025-26 च्या हंगामापासून महिला सुपर लीगचे सामने तिथे होऊ लागले. त्याआधी हा संघ वॉल्टन हॉल पार्कच्या छोट्या मैदानावर खेळायचा.

क्लबने अलीकडच्या काळात घेतलेला हा सर्वात चांगला निर्णय, असे माझे ठाम मत आहे. अस्थी जागच्या जागी राहिल्या, वॉल्टनमधल्या खानावळी आणि दुकानांना सामन्याचे दिवस राहिले, आणि 1921 मध्ये ज्यांना या मैदानावर येऊ दिले नाही त्यांच्या वारसदारांना ते हक्काचे मिळाले.

लिव्हरपूलला गेल्यावर ते पाहता येईल का?

हो. बाहेरून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. शहराच्या मध्यातून मर्सीरेलने कर्कडेल स्थानकावर उतरा आणि पुढे पायी जा. आधी सेंट ल्यूक्सचा कोपरा गाठा, मग ग्लॅडिस स्ट्रीटवरून बुलन्स रोडला वळा, म्हणजे स्टँड आणि घरे किती खेटून आहेत ते कळेल.  आत जायचे असेल तर महिला संघाच्या सामन्याचे तिकीट काढा. पुरुषांच्या सामन्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त असते. हाताशी वेळ असेल तर तिथून स्टॅनली पार्कातून चालत अ‍ॅनफिल्डला जा, म्हणजे 1892 मध्ये घरमालकाशी भांडून निघालेली मंडळी किती थोडे अंतर चालून आली होती ते कळेल.